कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि दाखल्याची लढाई

कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे नाव काढले की आपल्याला दोन लढे आठवतात. एक नाशिकच्या काळाराम मंदिराचा आणि दुसरा भूमिहीनांच्या जमिनीचा. या दोन्ही लढ्यांवर आपल्याकडे भाषणे होतात, पुस्तिका निघतात, जयंतीच्या मंडपात फलक लागतात. पण दादासाहेबांच्या आयुष्यात आणखी एक लढा होता. त्यात ना मंदिराचा दरवाजा होता, ना नांगर. तो होता कागदाचा. बौद्ध झालेल्या माणसाने सरकारदरबारी स्वतःला बौद्ध म्हणून नोंदवावे आणि तसे नोंदवले म्हणून त्याच्या मुलाची शिष्यवृत्ती, त्याची नोकरी, त्याची राखीव जागा जाऊ नये, एवढी साधी मागणी होती. ती मान्य व्हायला ३४ वर्षे लागली आणि ती मान्य झालेली पाहायला दादासाहेब हयात नव्हते. आज तहसील कचेरीच्या खिडकीपाशी जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्या प्रत्येक बौद्ध आईबापाने आणि चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने हा तिसरा लढा समजून घेतला पाहिजे.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. त्या काळच्या गावात महाराची नोंद नव्हती असे नाही. उलट ती पक्की होती. वतनाच्या दप्तरात त्याचे नाव होते, त्याच्या नावापुढे जात होती आणि जातीपुढे कामे लिहिलेली होती. सरकारी अंमलदाराची वर्दी द्यायची, टपाल पोचवायचे, मेलेले जनावर ओढायचे. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुते. म्हणजे कागदावर नाव होते ते माणूस म्हणून नव्हे, राबणारा हात म्हणून. ही नोंद बाबासाहेबांना डाचत होती. म्हणूनच त्यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले. दादासाहेब याच वातावरणात वाढले. ते पदवीधर नव्हते, वकिलीची सनद त्यांच्यापाशी नव्हती. पण गावच्या दप्तरात माणसाला कसे बांधून ठेवले जाते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब सत्याग्रह समितीचे सचिव झाले. सचिवाचे काम फारसे कुणाला दिसत नाही. तुकड्या पाडणे, कोणत्या गावाहून किती माणसे आली त्याची यादी ठेवणे, जेवणाची सोय करणे, अटक झालेल्यांच्या घरची विचारपूस करणे, पैशाचा हिशेब देणे. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हाही नाशिकचा लढा थांबला नाही, याचे श्रेय दादासाहेबांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाते. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. आपल्या या सहकाऱ्यावर त्यांचा किती भरवसा होता हे त्या पत्रांतून दिसते. मार्च १९३४ मधील पत्रात बाबासाहेबांनी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह पुढे चालवण्याबद्दल स्पष्ट नापसंती कळवली आणि समाजाने आपली शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी असे सुचवले. चार वर्षे ज्या दरवाजासाठी लाठ्या आणि दगड खाल्ले तो न उघडताच मागे फिरायचे, हे सोपे नव्हते. दादासाहेब फिरले. देवळाच्या दरवाजापेक्षा मोठा दरवाजा कायदेमंडळाचा आणि कचेरीचा आहे, हे त्यांनी पुढच्या आयुष्यात दाखवून दिले.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. नाशिक जिल्ह्यात चळवळ उभी करणाऱ्या दादासाहेबांच्या कर्मभूमीतच ती झाली. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेवर निवडून गेले. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे ते प्रमुख नेते झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी येवल्याचा शब्द पुरा केला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. मुंबईलाही धम्मदीक्षेचा सोहळा घ्यायचा बाबासाहेबांचा मानस होता. त्या दुःखाच्या क्षणी दादासाहेबांनी पुढाकार घेतला आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट जनसमुदायाला तिथेच दीक्षा दिली. बाप गेलेल्या लेकरांनी चितेसमोर उभे राहून बापाचा शब्द पाळला. पण त्या रात्री घरी परतलेल्या माणसांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. भारत सरकारच्या कागदावर त्यांनी बरेच काही गमावले होते.

ही कायद्याची बाब नीट समजून घेतली पाहिजे. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ नुसार राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींची यादी जाहीर केली. त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी तरतूद होती की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातील चार शीख जातींपुरता सुरुवातीलाच अपवाद होता आणि १९५६ साली सर्वच शीख दलितांना यादीत जागा मिळाली. बौद्ध मात्र बाहेर राहिले. म्हणजे ज्याने १४ ऑक्टोबरला दीक्षा घेतली, तो १३ ऑक्टोबरला अनुसूचित जातीचा होता आणि १५ ऑक्टोबरला नव्हता. त्याचे घर तेच, पाणवठा तोच, गावकुसाबाहेरची वस्ती तीच, त्याला लांबून वाढणारा हातही तोच. बदलला तो फक्त अर्जावरचा एक शब्द. आणि त्या एका शब्दासाठी त्याच्या लेकराची शिष्यवृत्ती थांबणार होती.

यात अधिकाऱ्यांचे म्हणणे वरवर पाहता बिनतोड होते. बौद्ध धम्मात जात नाही, मग बौद्धाला जातीची सवलत कशी द्यायची, असा तो युक्तिवाद. पण सवलत जातीच्या अभिमानासाठी नव्हतीच. शतकानुशतके शिक्षण, जमीन आणि सन्मान नाकारल्याच्या नुकसानीची ती भरपाई होती. धम्म स्वीकारल्याने माणसाचे मन मुक्त झाले, पण त्याचा सातबारा कोराच राहिला. गावाने त्याला बौद्ध म्हणून वेगळे वागवले नाही, फक्त सरकारने वेगळे वागवले. या विसंगतीवर बोट ठेवण्याचे काम १९५७ नंतर दादासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

१९५७ साली दादासाहेब नाशिकहून लोकसभेवर निवडून गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत फेडरेशनचे अनेक शिलेदार त्या वेळी दिल्लीला पोचले होते. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. बौद्धांच्या सवलतींचा प्रश्न या खासदारांनी लावून धरला. केंद्र सरकार हलले नाही.

इकडे गावोगाव काय घडत होते? शाळेत नाव घालताना बाप गोंधळात पडत होता. धर्म बौद्ध लिहावा तर फी माफी जाते, हिंदू लिहावे तर घेतलेली प्रतिज्ञा मोडते. कुणी एका भावाच्या नावापुढे बौद्ध लिहिले, दुसऱ्याच्या नावापुढे हिंदू महार. कुणी जातीचा रकाना कोरा सोडला. कुणी मन घट्ट करून जुनीच जात लिहिली आणि घरात बुद्धाची मूर्ती ठेवली. या माणसांना भेकड ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोटच्या पोराचे शिक्षण आणि मनातला धम्म यांपैकी एकाची निवड करायला ज्या सरकारने लावले, दोष त्या सरकारचा आहे. पण त्या रकान्यांचे भूत आजही आपल्या मानगुटीवर आहे, हे पुढे दिसेलच.

१९५९ साली दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर या भागांत हजारो माणसे तुरुंगात गेली. याच वर्षी १ ऑगस्टपासून कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा १९५८ चा कायदा अमलात आला. वतनाची जुनी बेडी तुटली, पण वतनाच्या जमिनी पुन्हा आपल्या नावावर करून घेण्यासाठी मुदतीत रक्कम भरणे आणि कागद पुरे करणे भाग होते. ज्यांना ते जमले नाही त्यांच्या जमिनी हातच्या गेल्या. गायरानाचेही तसेच. जमीन कसणारा हात खरा असला तरी तलाठ्याच्या दप्तरात त्याची नोंद नसेल तर तो अतिक्रमण करणाराही ठरत नाही, तो कुणीच नसतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने त्याच वर्षी अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना राज्याच्या शैक्षणिक व नोकरीतील सवलती लागू केल्या. हा चळवळीचा मोठा विजय होता. इथेच सरकारी कागदात नवबौद्ध हा शब्द रुळला. पण राज्याच्या सवलती राज्यापुरत्या होत्या. केंद्राची नोकरी, लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागा, महाराष्ट्राबाहेरचे बौद्ध हे सारे प्रश्न तसेच राहिले.

आणि मग १९६१ ची जनगणना आली. सरकारचा माणूस दारात येऊन धर्म विचारणार होता. केंद्राकडून काही मिळणार नाही हे ठाऊक असताना माणसाने काय सांगावे? रिपब्लिकन पक्षाच्या आणि बौद्ध महासभेच्या कार्यकर्त्यांनी वस्त्या पिंजून काढल्या. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या जेमतेम अडीच हजार होती. १९६१ साली ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. एवढ्या माणसांनी तोटा डोळ्यांसमोर दिसत असताना खरे तेच लिहवून घेतले. आपल्या चळवळीच्या इतिहासात एवढी मोठी लेखी साक्ष दुसरी नसेल. ज्यांना अंगठ्यापलीकडे काही उमटवता येत नव्हते, त्यांनी ती दिली.

१५ सप्टेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबराव विरुद्ध डॉ. डी. पी. मेश्राम या खटल्याचा निकाल दिला. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आलेले मेश्राम यांनी त्याआधीच उघडपणे बौद्ध धम्म स्वीकारला होता, हे पुराव्याने सिद्ध झाले आणि त्यांची निवड टिकली नाही. धर्म मानणे म्हणजे तो जाहीरपणे सांगणे, असा अर्थ न्यायालयाने लावला. वकील म्हणून मी हा निकाल अनेकदा वाचला आहे. कायद्याच्या शब्दाला धरून तो आहे. पण त्याचा परिणाम काय झाला? ज्याने लपवले तो उमेदवार राहू शकला, ज्याने छातीठोकपणे सांगितले तो बाद झाला. न्यायालयाच्या हातात आदेश होता, तो बदलणे संसदेच्या हातात होते. म्हणून उत्तर रस्त्यावरूनच द्यावे लागणार होते.

ते उत्तर पंधरा दिवसांत दिल्लीला पोचले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने संसदेवर मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले. त्यात कसेल त्याला जमीन, पडीक जमिनीचे भूमिहीनांना वाटप, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, झोपडपट्ट्यांची सुधारणा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्या होत्या. आणि त्यांच्याच रांगेत होती अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू करण्याची मागणी. दादासाहेबांची दृष्टी इथे दिसते. जमीन, मजुरी, धान्य, घर आणि कागदावरची ओळख हे त्यांच्या लेखी वेगवेगळे प्रश्न नव्हते. ओळख नसेल तर जमीन मिळत नाही आणि जमीन नसेल तर ओळख टिकवण्याची ताकद राहत नाही.

६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्राबरोबरच उत्तर प्रदेश, पंजाब, कर्नाटक अशा प्रांतांतून माणसे उतरली. बायाबापड्या कडेवरच्या लेकरांसह तुरुंगात गेल्या. पक्षाच्या हिशेबाने तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींनी अटक करून घेतली. तुरुंग अपुरे पडले. फेब्रुवारी १९६५ पर्यंत सरकारला बोलणी करावी लागली आणि बऱ्याच मागण्यांबाबत आश्वासने मिळाली. बौद्धांच्या केंद्रीय सवलतीचा प्रश्न मात्र पुढेच ढकलला गेला.

दादासाहेबांवर टीकाही झाली, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. पक्ष फुटला तेव्हा शिकलेल्या वकील मंडळींचा एक गट बाहेर पडला आणि धोतरवाले विरुद्ध सुटाबुटातले असा दुर्दैवी वाद रंगला. १९६७ च्या सुमारास काँग्रेसशी केलेल्या समझोत्याने पक्षाची धार गेली, असे अनेकांचे मत आहे आणि त्यात तथ्य आहे. १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते, १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पण आम्हा वकील मंडळींनी एक गोष्ट कबूल करावी. १९५० च्या आदेशातला तिसरा परिच्छेद गरिबाच्या घरात कसा शिरतो, हे त्या धोतरवाल्या माणसाला आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा चांगले कळले होते.

१२ एप्रिल १९९० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. त्याच वर्षी विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारने १९५० च्या आदेशात दुरुस्ती केली आणि ३ जून १९९० पासून हिंदू, शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द त्यात आला. दादासाहेबांच्या निवेदनातल्या या दोन मागण्या एकाच वर्षी पुऱ्या झाल्या, त्यांच्या निधनानंतर अठरा वर्षांनी.

लढा इथे संपला असे आपण समजलो आणि तिथेच चुकलो. कायद्याचा दरवाजा उघडला, पण त्यातून आत जायला दाखला लागतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध ही नवी जात यादीत घातलेली नाही. यादीतल्या जातीचा माणूस बौद्ध असला तरी तो अनुसूचित जातीचा राहतो, एवढेच तिने सांगितले. म्हणून दाखल्यावर धर्म बौद्ध आणि मूळ जात, दोन्ही लागतात. नवबौद्ध हा शब्द केंद्राच्या यादीत जात म्हणून नाही. ज्याच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते बौद्ध किंवा नवबौद्ध लिहिले आहे, त्याला खिडकीवरचा कारकून परत पाठवतो. आणि ज्या घरात एका भावाचे हिंदू, दुसऱ्याचे बौद्ध आणि तिसऱ्याचा रकाना कोरा आहे, तिथे पडताळणी समितीपुढे नातू आजोबांच्या त्या गोंधळाचा हिशेब देत बसतो.

महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्राच्या कायद्याने, म्हणजे २००१ च्या अधिनियम क्रमांक २३ ने, जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. ज्यांना त्या तारखेपूर्वी शाळेत बसू दिले गेले नाही, ज्यांना जमीन नव्हती, ज्यांचे जन्म कुणी नोंदवले नाहीत, त्यांच्या नातवांकडून शाळेचा उतारा आणि सातबारा मागणे ही केवढी क्रूर थट्टा आहे! बनावट दाखले घेऊन आपल्या जागा लुटणाऱ्यांना रोखायला कडक कायदा हवाच. पण त्याचा जाच खोट्याला कमी आणि गरिबाला जास्त होतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

यावर चळवळीतले काही बांधव म्हणतात की जात टाकली, आता ती कागदावर लिहायचीच कशाला? त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण धर्माचा रकाना आणि जातीचा रकाना हे दोन वेगळे रकाने आहेत. पहिल्यात आपण काय आहोत ते लिहायचे असते, दुसऱ्यात आपल्यावर काय लादले गेले होते ते. जखमेची नोंद केल्याने माणूस जखमेचा अभिमानी होत नाही. दुखापतीचा दाखला दिल्याशिवाय न्यायालय भरपाई देत नाही, तसेच हे आहे. दादासाहेबांची मागणी नेमकी हीच होती. बौद्ध म्हणून ताठ मानेने लिहिता आले पाहिजे आणि त्यासाठी हक्क गमवावा लागता कामा नये. पहिला भाग विसरून हिंदू लिहिणे जसे चूक, तसाच दुसरा भाग विसरून रकाना कोरा सोडणेही लेकराच्या मुळावर येते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? लेकराला शाळेत घालतानाच धर्म बौद्ध आणि जातीच्या रकान्यात मूळ अनुसूचित जात नीट लिहिली आहे का, ते पाहावे. चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी, शाळा सुटल्यावर ते फार अवघड जाते. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाचे किंवा त्याच्या भावाचे नाव जुन्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत आहे का, ते शोधावे. कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, वतनाचे जुने उतारे, गिरणीतल्या किंवा रेल्वेतल्या नोकरीचे सेवापुस्तक हे सारे पुरावे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात जुने कागद मोडीत आणि मराठवाड्यात उर्दूत सापडतात. ते वाचणारा माणूस तालुक्याला एक तरी तयार केला पाहिजे. वडील, सख्खा चुलता किंवा भाऊ यांच्यापैकी कुणाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते सर्वांत भक्कम, त्याची प्रत सर्व भावकीत वाटून ठेवावी. लग्न झालेल्या बहिणींना दाखला माहेरच्या कागदांवर मिळतो, म्हणून लग्नापूर्वीचे आणि नंतरचे नाव जोडणारा पुरावा जपून ठेवावा.

अर्ज नाकारला तर तोंडी नकार ऐकून घरी येऊ नये. लेखी आदेश मागावा. त्यावर तीस दिवसांत अपील करता येते. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिकाऱ्याला मुदत बांधून दिली आहे, ती टळली तर त्याविरुद्धही अपील आहे. आणि पैसे घेऊन दाखला आणून देतो म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नये. खोट्या दाखल्याने नोकरी जाते, पदवी जाते आणि शिक्षाही होते.

२००४ साली राज्य सरकारने भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना जमीन देण्याची योजना काढली. चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती अशी ती आहे. तिला नाव दिले कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांचे. त्या योजनेच्या अर्जासोबत जोडायच्या कागदांत जातीचा दाखला आहेच. म्हणजे दादासाहेबांच्या नावाची जमीन मिळवायला दादासाहेबांनी ज्याच्यासाठी आयुष्य झिजवले तो कागद हवा. तो ज्याच्यापाशी नाही असा भूमिहीन बौद्ध त्या नावाच्या फलकाखालून रिकाम्या हाताने परततो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. आता येत्या जनगणनेत जातही मोजली जाईल, असा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आहे. पुन्हा एकदा सरकारचा माणूस दारात येऊन दोन्ही रकाने विचारणार आहे. १९६१ साली आपल्या आजोबांनी काहीही मिळण्याची आशा नसताना खरे सांगितले. आज कायदा आपल्या बाजूने आहे. धर्म बौद्ध हे ठामपणे सांगावे, जातीचा रकाना गोंधळ न करता भरावा, आणि घरातल्या सर्वांची नोंद एकसारखी व्हावी यासाठी वस्तीवस्तीत आधीच बैठका घ्याव्यात.

दरवर्षी १५ ऑक्टोबर आणि २९ डिसेंबरला आपण दादासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो. यंदा त्या दोन दिवशी प्रत्येक विहारात एक टेबल लावा. टेबलावर कोरे अर्ज, एक लिहिणारा तरुण आणि कायदा जाणणारा एक माणूस बसवा. वस्तीतल्या ज्या ज्या घरात दाखला नाही त्याची यादी करा, जशी नाशिकच्या सत्याग्रहात सचिव गायकवाड तुकड्यांची यादी करीत. यादीतले शेवटचे नाव खोडले जाईपर्यंत ते टेबल उचलू नका.

जयभीम!